बक्षिसाशेजारी उभी केलेली बाई

 

आज आम्ही कर्जाच्या हप्त्यावर बोलणार नाही की शेळीच्या लसीवरही नाही. आज इतिहास सांगायचा आहे, आणि तोही राजाराणीचा नाही. टीव्हीवर गाड्यांची शर्यत संपते, जिंकणारा वर चढतो, हातात चषक घेतो आणि त्याच्या दोन बाजूंना दोन तरुण मुली हसत उभ्या असतात. नव्या मोटारसायकलची जाहिरात असते आणि गाडीला टेकून एक मुलगी उभी असते. ती गाडी चालवत नाही, विकत नाही आणि तिचे नावही कुणी सांगत नाही. ही मुलगी तिथे कधी आली, तिला कुणी उभे केले, तिला किती पैसे मिळाले आणि पुढे तिचे काय झाले, ते आज पाहू.

तुम्ही म्हणाल, याचा आणि आपला काय संबंध? थोडा धीर धरा. संबंध निघतो.

सुरुवात एका खेळापासून करू. त्याचे नाव पेंटबॉल. लोणावळ्याच्या बाजूला किंवा शहराजवळच्या रिसॉर्टवर सहलीला गेलेल्या पोरांनी तो पाहिला असेल. बंदुकीसारखे एक यंत्र असते. त्यातून रंगाने भरलेली छोटी गोळी सुटते. ज्याच्या अंगावर ती फुटली, तो खेळातून बाद. आता गंमत ऐका. हे यंत्र खेळासाठी बनलेलेच नव्हते. अमेरिकेत जंगल खात्याची माणसे तोडायच्या झाडांवर लांबून खूण करायला ते वापरत आणि मोठ्या कळपांचे मालक गुरांवर खूण करायला. आपल्याकडे धनगर मेंढीच्या पाठीवर रंगाचा पट्टा ओढतो ना, तेच काम. फरक इतकाच, की इथे रंग बंदुकीतून जायचा.

२७ जून १९८१ रोजी अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात हेनिकर नावाच्या गावाजवळच्या जंगलात १२ जणांनी हे यंत्र घेऊन पहिला खेळ खेळला. वाद असा होता, की रानात टिकून राहायला कोण लायक, शहरातला हुशार माणूस की रानातला माणूस? जंगलात लपवलेले झेंडे गोळा करून बाहेर पडायचे होते. जिंकला कोण? रिची व्हाइट नावाचा वनकामगार. त्याने एकही गोळी झाडली नाही. कुणाला चाहूल न देता झाडाझाडांतून सरकत गेला आणि झेंडे घेऊन बाहेर आला. रान ज्याच्या ओळखीचे, त्याला बंदूक लागली नाही.

त्या पहिल्या दिवशीचे बाराच्या बारा खेळाडू पुरुष होते. पण हा खेळ असा, की त्यात ताकदीपेक्षा डोके, धीर आणि नजर जास्त लागते. पुढे बायकाही खेळू लागल्या. त्यांचे स्वतंत्र संघ झाले. काही जणी पुरुषांच्या बरोबरीने मैदानात उतरल्या. दरम्यान खेळ मोठा झाला, सामान बनवणाऱ्या कंपन्या आल्या, मोठ्या स्पर्धा भरू लागल्या, मैदानाशेजारी कंपन्यांचे स्टॉल लागले. आणि त्या स्टॉलवर मुली आल्या. तोकड्या कपड्यांत, हातात ते यंत्र घेऊन उभ्या. बहुतेकींना ते यंत्र कसे चालते तेही कुणी शिकवलेले नसे. लोक येत, शेजारी उभे राहून फोटो काढत आणि पुढे जात.

आता चित्र डोळ्यांपुढे आणा. एकाच मैदानावर दोन प्रकारच्या बायका आहेत. एक धुळीत लोळून, अंगावर रंग घेऊन खेळते आहे. दुसरी स्टॉलवर उभी आहे. खेळणारीला लोक विचारतात, ‘तू कुणाबरोबर आलीस?’ आणि उभी असलेलीला तर काही विचारतच नाहीत. दोघींचाही अपमान एकाच मुळातून येतो. बाई इथे काम करायला आली आहे, हे कुणाच्या मनातच येत नाही.

ही पद्धत पेंटबॉलने काढली नाही. ती त्याने मोटारींच्या शर्यतीकडून उचलली. पूर्वी शर्यतीच्या ठिकाणी बायका दिसत त्या चालकांच्या बायका, मैत्रिणी, किंवा काही स्वतः गाडी पळवणाऱ्या. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये शर्यतीत मॉडेल मुलगी उभी करायची पद्धत पडली. १९८० च्या दशकात फ्रान्समधल्या ल माँ इथल्या २४ तासांच्या प्रसिद्ध शर्यतीत उन्हाचे मलम विकणाऱ्या एका कंपनीने पोहण्याच्या कपड्यातल्या मुली आणल्या. हिशोब साधा होता. फोटो काढणारे मुलीचा फोटो काढणार, तिच्या अंगावर कंपनीचे नाव, म्हणजे वर्तमानपत्रात कंपनीचे नाव फुकट. मुलगी म्हणजे चालता-बोलता फलक. ऊन असेल तर चालकाच्या डोक्यावर छत्री धरायची, त्याच्या क्रमांकाची पाटी धरायची आणि हसायचे.

आणखी एक गोष्ट सांगतो. क्रिकेटच्या सामन्यात चौकार गेला की सीमारेषेवर मुली नाचतात. त्यांना चीअरलीडर म्हणतात. हे काम बायकांचेच, असे आपल्याला वाटते. पण १८९८ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात पहिल्यांदा मैदानासमोर उभे राहून लोकांना घोषणा द्यायला लावणारा जॉनी कॅम्पबेल नावाचा विद्यार्थी होता, पुरुष. तेव्हा ते पुढारीपणाचे काम समजत. मुलींना त्यात जागा मिळाली ती १९२३ च्या सुमारास, त्याच विद्यापीठात. पुढे हळूहळू ते काम बायकांचे झाले, आणि जसे बायकांचे झाले तसे त्यातले पुढारीपण गेले, कपडे कमी झाले आणि मोलही कमी झाले. हे आपल्याला नवे नाही. घरात रोज पोळ्या लाटणारी बाई ती बाईच असते, पण तेच काम लग्नाच्या मांडवात पुरुषाने केले की तो आचारी होतो आणि बिदागी घेतो.

मैत्रिणींनो, उभे राहण्याच्या या कामात काय काय सोसावे लागते, त्याचे दोन दाखले देतो. दोन्ही जगजाहीर आहेत.

३१ मार्च २०१३. बेल्जियम देशात सायकलची मोठी शर्यत झाली, टूर ऑफ फ्लँडर्स. पहिला आलेल्या फाबियन कान्सेलारा या खेळाडूच्या गालाची पापी घ्यायची, असे तिथल्या मुलींचे काम ठरलेले होते. एक मुलगी ते काम करत असताना शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूने, पीटर सागानने, मागून तिच्या कुल्ल्याला हात लावला. कॅमेरे चालू होते. सगळ्या जगाने तो फोटो पाहिला. ती मुलगी त्या क्षणी काहीच बोलली नाही. का बोलली नाही? कारण ती कामावर होती. समारंभ चालू होता, आणि हसत राहणे हाच तिचा पगार होता. नंतर सागानने जाहीर माफी मागितली, फुले घेऊन तिला भेटला. पण दोन वर्षांनी, २०१५ मध्ये, त्याच देशातल्या दुसऱ्या एका शर्यतीच्या आयोजकांनी जाहिरातीचे चित्र छापले, त्यात बाईच्या पाठीमागून असाच हात पुढे येताना दाखवला. चेष्टा म्हणून. सायकलिंगच्या जागतिक संघटनेने आक्षेप घेतला तेव्हा ते चित्र मागे घेतले. म्हणजे एका मुलीवर जे गुदरले, ते दोन वर्षांत विनोदाचा विषय झाले होते.

दुसरा दाखला लंडनचा. जानेवारी २०१८. एका बड्या हॉटेलात धर्मादाय कामासाठी देणग्या गोळा करायला मेजवानी होती. पाहुणे सगळे पुरुष, सुमारे ३६०. त्यांच्या दिमतीला १३० तरुणी. काळे तोकडे कपडे, उंच टाचा, आणि आतले कपडेसुद्धा काळेच घालायचे, असा हुकूम. कामावर येताच एका कागदावर सही घेतली, की इथले बाहेर सांगायचे नाही. कागद वाचायला सवड दिली नाही आणि त्याची प्रतही दिली नाही. फायनान्शियल टाइम्स या वर्तमानपत्राच्या एका बाईने तिथे कामाला लागून आत शिरकाव केला, म्हणून सगळे बाहेर आले. कितीतरी मुलींच्या अंगाला हात लावले गेले होते. बातमी छापून आली आणि तो क्लबच बंद करावा लागला.

सहीचा तो कागद मनात ठेवा. न वाचता घेतलेली सही म्हणजे काय असते, हे आपल्या गटातल्या बायांना वेगळे सांगायला नको.

आता पैशांचे बोलू. मान मान म्हणतो तो हवेत राहत नाही, तो हजेरीपटावर दिसतो. अमेरिकेत ओकलंड रेडर्स नावाचा फुटबॉल संघ होता. खेळाडू कोट्यधीश. त्यांच्या मैदानावर नाचणाऱ्या मुलींना एका सामन्याचे १२५ डॉलर मिळत, हंगामाचे १० सामने, म्हणजे १,२५० डॉलर. तेही हंगाम संपल्यावर एकदम. सरावाचे पैसे नाहीत, कंपनीच्या कार्यक्रमांना मिरवायला नेले त्याचे नाहीत, केस आणि मेकअपचा खर्च स्वतःचा. सामान विसरले तर दंड. एका मुलीने बसून तास मोजले. ताशी ५ डॉलरही पडत नव्हते, आणि तिथली किमान मजुरी तेव्हा ८ डॉलर होती. जानेवारी २०१४ मध्ये तिने कोर्टात दावा लावला. पाठोपाठ दुसऱ्या संघांच्या मुलीही उभ्या राहिल्या. त्याच वर्षी संघाने साडेबारा लाख डॉलर देऊन तडजोड केली, आणि पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये, कॅलिफोर्निया राज्याने कायदा केला, की या मुली संघाच्या कर्मचारी आहेत, त्यांना मजुरीचे सगळे नियम लागू.

त्या मुलीने नाचणे वाईट म्हटले नाही. तिला नाचायचेच होते. तिने एवढेच म्हटले, की हे काम आहे तर कामाचा हिशोब द्या. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडीची उचल, कोयता आणि मुकादमाचे खाते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे लगेच समजेल. मोठी कंपनी, मग मधली एजन्सी, मग मुलगी. साखळी जितकी लांब, तितका शेवटच्या कडीला पैसा कमी आणि जबाबदारी कुणाचीच नाही.

आता इतिहासाचे एक वळण. २०१७ च्या ऑक्टोबरपासून जगभर बायका आपल्यावरच्या अत्याचाराबद्दल उघड बोलू लागल्या होत्या. त्यात जानेवारी २०१८ मध्ये ती लंडनची बातमी आली. आठवडाभरातच, २७ जानेवारीला, डार्ट्स म्हणजे फलकावर बाण फेकायच्या खेळाच्या संघटनेने जाहीर केले, की खेळाडूला मंचापर्यंत घेऊन येणाऱ्या मुली यापुढे नसतील. ३१ जानेवारीला फॉर्म्युला वन या सगळ्यात मोठ्या मोटार शर्यतीने जाहीर केले, की शर्यतीच्या रेषेवर उभ्या राहणाऱ्या मुलींची प्रथा बंद. आजच्या काळाला हे शोभत नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या जागी मोटारखेळ शिकणारी लहान मुले-मुली आपल्या आवडत्या चालकाशेजारी उभी राहतील.

आपल्याला वाटेल, बरे झाले. पण त्याच आठवड्यात त्या कामावरच्या मुली टीव्हीवर येऊन बोलू लागल्या. त्यांचे म्हणणे असे, की आम्ही आमच्या खुशीने काम करत होतो, आमची कमाई गेली, आणि निर्णय घेण्याआधी आम्हाला कुणी एका शब्दाने विचारले नाही. यापूर्वी, २०१५ मध्ये, चीनमधल्या शांघायच्या मोटार प्रदर्शनात मॉडेल मुलींना बंदी झाली. तेव्हा काही जणी भिकाऱ्याचे कपडे घालून रस्त्यावर उभ्या राहिल्या होत्या, काम गेले हे दाखवायला.

इथे थांबून विचार करायला हवा. उभे केले तेव्हा विचारले नाही, आणि काढून टाकले तेव्हाही विचारले नाही. मग मान वाढला कुणाचा? कंपनीचा वाढला. मुलीच्या हाती काय आले?

हे सगळे परदेशातले वाटत असेल तर आपल्या महाराष्ट्रात या. २००५ साली राज्य सरकारने डान्स बारवर बंदी घातली. बाईची अप्रतिष्ठा होते, तरुण बिघडतात, संसार मोडतात, अशी कारणे होती, आणि घरातला पैसा तिथे उधळलेला पाहिलेल्या बायांचा त्या बंदीला पाठिंबाही होता. तो राग खोटा नव्हता. पण नाचणाऱ्या हजारो बायांचे काम एका रात्रीत गेले. त्यांच्या संघटनेने मोर्चे काढले. १२ एप्रिल २००६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. कारण तीन तारांकित आणि त्याहून मोठ्या हॉटेलांत नाच चालतो आणि साध्या बारमध्ये चालत नाही, हा भेदभाव झाला. १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवले आणि म्हटले, की रोगापेक्षा इलाज वाईट झाला, कारण काम गेल्यामुळे अनेक बायांना देहविक्रीकडे वळावे लागले. पुढेही सरकार आणि कोर्ट यांच्यात हे प्रकरण २०१९ पर्यंत चालत राहिले.

२००८ साली आयपीएल क्रिकेट सुरू झाले आणि परदेशी चीअरलीडर मैदानात आल्या, तेव्हाही आपल्याकडे त्यांच्या कपड्यांवर मोठा गदारोळ झाला. त्या गदारोळात एक गोष्ट मागे पडली. ब्रिटनहून आलेल्या दोन काळ्या वर्णाच्या मुलींनी सांगितले, की मोहालीच्या सामन्यात आम्हाला आमच्या रंगामुळे मैदानात उतरू दिले नाही. कपड्यांवर बोलणारे पुष्कळ होते. कामावर आलेल्या बाईला रंग पाहून परत पाठवले, यावर बोलणारे थोडे.

मग मार्ग कोणता? उभे करणे एका टोकाला, बंदी दुसऱ्या टोकाला. मधली वाट आहे का? काही ठिकाणी ती शोधली गेली. ऑस्ट्रेलियातल्या टूर डाउन अंडर या सायकल शर्यतीत २०१७ पासून बक्षीस देताना मॉडेल मुलींऐवजी होतकरू सायकलपटू उभे राहू लागले. म्हणजे उद्या ज्यांना स्वतः तिथे जिंकायचे आहे, ते. फ्रान्सच्या टूर द फ्रान्स शर्यतीत वर्षानुवर्षे जिंकणाऱ्याच्या दोन बाजूंना दोन मुली असत. २०२० पासून एका बाजूला बाई आणि एका बाजूला पुरुष उभा राहू लागला. काम राहिले, पण ते ‘मुलीचे रूप’ न राहता ‘पाहुण्याचे स्वागत’ झाले.

आणि खरा प्रश्न तर त्याहून पुढचा आहे. त्या मंचावर बाई जिंकणारी म्हणून का नाही? १९८४ साली बायकांची टूर द फ्रान्स भरली होती. अमेरिकेची मारियान मार्टिन जिंकली. त्याच दिवशी, त्याच पॅरिसमध्ये पुरुषांची शर्यत जिंकणाऱ्याला लाखाच्या वर डॉलर मिळाले आणि तिला सुमारे एक हजार. तेही तिने आपल्या संघातल्या मैत्रिणींत वाटले. पुढे पैसे मिळत नाहीत म्हणून बायकांची ती शर्यत बंद पडली. नव्या रूपात पुन्हा सुरू व्हायला २०२२ साल उजाडले. मधल्या काळात मंचावर बाई होतीच, रोज होती. फक्त फुलांचा गुच्छ देणारी होती.

आता पेंटबॉलच्या त्या मैदानावर परत या. स्टॉलवर मुलगी ठेवायचीच असेल तर मानाने कशी ठेवावी? या सगळ्या इतिहासातून जे निघते ते असे.

पहिले, तिला कामाची माहिती द्या. जे यंत्र विकायचे ते तिला चालवता आले पाहिजे, गिऱ्हाइकाच्या प्रश्नाला उत्तर देता आले पाहिजे. खेळणाऱ्या मुलींनाच स्टॉलवर बोलावले तर त्याहून चांगले. दुसरे, कपडे आधी ठरवा, तिला दाखवा, तिचा होकार घ्या. जो पोशाख स्टॉलवरच्या पुरुषाला, तोच तिला. तिसरे, मजुरी, तास, जेवण आणि प्रवास लेखी द्या, आणि त्या कागदाची एक प्रत तिच्याकडे राहू द्या. चौथे, कपडे बदलायला बंद खोली, बसायला खुर्ची, पाणी आणि स्वच्छतागृह. पाचवे, फोटोला ‘नाही’ म्हणायचा हक्क तिचा. सहावे, कुणी हात लावला तर कुणाकडे जायचे, त्या माणसाचे नाव आणि फोन नंबर तिला सकाळीच माहीत असावा. आणि हात लावणारा मैदानाबाहेर गेला पाहिजे, ती नाही. सातवे, तिचे नाव. स्टॉलवरच्या प्रत्येकाच्या छातीवर नावाची पट्टी असते, तिच्याही असावी.

तुम्ही म्हणाल, ताई, हे शहरातले. नाही हो. आपल्या गावांतल्या मुली कॉलेज करताकरता पुण्या-नाशिकला जाहिरातीची कामे करतात. मॉलमध्ये तेलाचा नमुना वाटतात, लग्नाच्या हॉलमध्ये दारात गुलाबपाणी शिंपडतात, शेतीच्या प्रदर्शनात ट्रॅक्टरच्या स्टॉलवर पत्रके देतात. हे काम मेहनतीचे आहे. दहा-दहा तास उंच टाचांवर उभे राहणे म्हणजे खुरपणीपेक्षा सोपे नाही. मुलगी असे काम करते म्हणून तिच्याकडे वाकड्या नजरेने पाहणारे गावात खूप असतात. आपण बायांनी तरी तिला आधी विचारावे, ‘बाळा, पैसे वेळेवर मिळतात का? रात्री परत कशी येतेस? तिथे तुझ्याबरोबर अजून कोण असते?’

आणि अजून जवळचे पाहायचे तर आपले कार्यक्रम पाहा. मोठे पाहुणे येणार म्हटले की निरोप येतो, गटाच्या बायका एकसारख्या साड्या, नऊवारी, नथ घालून, डोक्यावर कलश घेऊन दारात पाहिजेत. पाहुणे ११ ला येणार म्हणून बायका ९ पासून उन्हात, आणि पाहुणे येतात २ ला. तान्ही मुले कडेवर, त्या दिवसाचा रोज बुडालेला. मंचावर खुर्च्या किती? त्यात गटाची बाई किती? गटाने बँकेचे कर्ज वेळेत फेडले, पापडाचा धंदा उभा केला, हे सांगायला अध्यक्षबाईंना माइक मिळतो का? की त्या फक्त पुष्पगुच्छ हातात देऊन खाली उतरतात? कलश घेणे वाईट नाही, औक्षण करणे ही आपली रीत आहे, आणि आपल्या हौसेने केले तर त्यात आनंद आहे. पण हौस कुणाची आणि हुकूम कुणाचा, हे आपल्याला आपले कळते.

म्हणून कायद्याच्या दोन गोष्टी सांगून ठेवतो. पहिला कायदा १९८६ चा, स्त्रियांचे असभ्य चित्रण करणाऱ्या जाहिराती, पुस्तके, चित्रे यांना मनाई करणारा. दुसरा २०१३ चा, कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा. या दुसऱ्या कायद्यात कायम नोकरी असलीच पाहिजे असे नाही. रोजंदारीची, कंत्राटदारामार्फत आलेली, एका दिवसाच्या कामाची बाईही त्यात येते. मालकाने कामासाठी दिलेली गाडीसुद्धा कामाचे ठिकाण धरली जाते. जिथे १० किंवा जास्त माणसे कामाला, तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. जिथे त्याहून कमी माणसे, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध, तिथे जिल्ह्याची स्थानिक समिती असते. घटना घडल्यापासून ३ महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची. कारण योग्य असेल तर समिती आणखी ३ महिने मुदत देऊ शकते. लिहिता येत नसेल तर लिहून घेण्याची जबाबदारी समितीची. आपल्या जिल्ह्याच्या समितीचे नाव-पत्ता जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात विचारून घ्या आणि गटाच्या इतिवृत्ताच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा. वेळ आल्यावर शोधत बसायला नको.

येत्या मासिक बैठकीत बचतीचा हिशोब झाला, की पंधरा मिनिटे या विषयाला द्या. दोन प्रश्न घ्या. गावातली कोणती मुलगी अशा कामाला जाते, आणि तिच्याशी आपण कधी नीट बोललो का? आणि पुढच्या वेळी कार्यक्रमाचे बोलावणे आले तर आपल्या अटी कोणत्या? बायकांसाठी सावली, पाणी आणि बसायची जागा, वेळेचे बंधन, बुडालेल्या रोजाचा विचार, आणि मंचावर गटाची एक बाई बोलणार. हे ठरावात लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या. आणि सही करण्याआधी वाचून दाखवायला विसरू नका.

पुढच्या भेटीत पावसाळ्यातल्या बियाणे बँकेबद्दल बोलू. तोवर सगळ्यांना नमस्कार.